एसएपी: वापर नाही, तरी युजर ‘ॲडव्हान्स्ड’ कसा मोजतात?

चाकणचा_आयटीवाला:
आमची सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. एसएपीच्या जुन्या ईसीसीवरून, राइझ या सबस्क्रिप्शन करारात, नव्या एस/४हानावर जायचं चाललंय. लायसन्ससाठी युजर तपासणाऱ्या स्टारचा रिपोर्ट काढला तर २४० युजरपैकी जवळजवळ सगळे ॲडव्हान्स्ड, म्हणजे महागड्या वर्गात. त्यात स्टोअरची माणसं आहेत, गेटवर गाड्यांची नोंद करणारे आहेत, फक्त रजा टाकायला लॉगिन करणारेही आहेत. एसटी०३एनमध्ये वापराची आकडेवारी बघितली, या लोकांनी चार-पाच टीकोडच्या (स्क्रीन उघडायच्या कोडच्या) पलीकडे काही उघडलेलंच नाही. हा वापर दाखवून भांडता येईल का?

रोलवाली:
नाही. स्टार वापर बघतच नाही, युजरच्या रोलमध्ये (हक्कांच्या संचात) कोणते ऑथरायझेशन ऑब्जेक्ट कोणत्या व्हॅल्यूने बसलेत, म्हणजे कोणते हक्क दिलेत, ते बघतो. शंभर हक्क खालच्या वर्गातले आणि एक वरचा असेल, तरी माणूस वरच्या वर्गात जातो.

पैशाचं गणित एफयूई (फुल यूज इक्विव्हॅलंट) या लायसन्सच्या एककात चालतं. ॲडव्हान्स्ड १ युजर म्हणजे १ एफयूई. कोअर या मधल्या वर्गाचे ५ युजर मिळून १, सेल्फ-सर्व्हिस या सगळ्यात खालच्या वर्गाचे ३० मिळून १. डेव्हलपर मात्र एकटा २ खातो. तुमचे २४० सगळे ॲडव्हान्स्ड धरले तर २४० एफयूई. समजा खरे ॲडव्हान्स्ड ६०, कोअर १२० आणि सेल्फ-सर्व्हिस ६० निघाले, तर ६० + २४ + २ = ८६. माणसं तीच, काम तेच.

आता रोल बनवायचा टीकोड पीएफसीजी उघडा आणि ॲक्टिव्हिटी फील्डमध्ये तारा (*, म्हणजे सगळं करायची मुभा) कुठे कुठे आहे ते शोधा. ०३ म्हणजे नुसतं बघणं, ०१ तयार करणं, ०२ बदलणं. गो-लाइव्हच्या (सिस्टम चालू करतानाच्या) गडबडीत काम अडू नये म्हणून तारा टाकतात आणि मग तो रोल कॉपी होत होत गेटपर्यंत पोचतो. दुसरं, रजेवरच्या माणसाचं काम सांभाळायला दिलेले रोल. तो माणूस परत येतो, रोल कोणी काढत नाही. असाइनमेंट करताना शेवटची तारीख टाकायची सवय लावा.

लायसन्सचा विषय बाजूला ठेवला तरी मला हे मनापासून खटकतं. स्टोअरकीपरच्या लॉगिनला व्हेंडरचं बँक खातं बदलायचा हक्क असेल आणि उद्या काही गडबड झाली, तर संशय पहिला त्या बिचाऱ्यावर जातो. त्याला तो हक्क आपल्याकडे आहे हे माहीतही नसतं.

शॉपफ्लोअर_पुणे:
आमच्याकडे शिफ्टला एकच लॉगिन ठेवलंय, तिन्ही पाळ्या तोच वापरतात. युजर कमी होतात.

रोलवाली:
दादा, हे बंद करा. लायसन्स नेम्ड युजरचं असतं, एका लॉगिनमागे एक माणूस. ऑडिटमध्ये हे सापडतं. शिवाय चुकीचा जीआर (माल आल्याची नोंद) कोणी केला हे कधीच कळत नाही. ती माणसं बहुधा खालच्या वर्गातच बसतील, त्यांच्या नावाने लॉगिन काढून द्या.

चाकणचा_आयटीवाला:
ताई, मग एसटी०३एनमध्ये जे दिसत नाही ते सगळं काढून टाकू का?

रोलवाली:
तसं करू नका. एसटी०३एन सहसा थोड्याच महिन्यांचा डेटा ठेवतं. मार्चअखेरचं ॲसेट क्लोजिंग, वर्षातून एकदा होणारी स्टॉक मोजणी त्यात दिसणारच नाही. पूर्ण आर्थिक वर्ष धरा आणि प्रत्येक विभागप्रमुखासमोर यादी घेऊन बसा. कंटाळवाणं काम आहे, पण स्टोअरला काय लागतं ते स्टोअरवालाच सांगू शकतो. क्वचित लागणारे जड हक्क सगळ्यांना वाटू नका, एक-दोघांकडेच ठेवा.

सोडून गेलेल्यांचंही बघा. यूएसएमएम या जुन्या लायसन्स मोजणीत नुसता लॉक केलेला युजर सुटत नाही. एसयू०१ या युजर सांभाळायच्या टीकोडमध्ये त्याची व्हॅलिडिटी संपवावी लागते.

खरेदी_आणि_करार:
एक भर घालतो. ही साफसफाई सही करण्याआधी करा. सबस्क्रिप्शन चालू असताना एफयूई वाढवून मिळतात, कमी सहसा करता येत नाहीत. रोल सुधारून स्टार पुन्हा चालवा आणि तोच आकडा घेऊन वाटाघाटीला बसा. आमच्या ओळखीच्या एका कंपनीने आधी सही केली, रोल नंतर आवरले. मुदत संपेपर्यंत त्यांना जुनाच आकडा भरावा लागतोय.

चाकणचा_आयटीवाला:
सही पुढच्या तिमाहीत आहे. सोमवारी स्टोअर आणि गेटपासून सुरू करतो. ताऱ्यांची यादी काढायला एसयूआयएम (युजर आणि हक्क शोधायचा टीकोड) पुरेल ना?

रोलवाली:
सुरुवातीला पुरेल. रोल जास्त असतील तर रोलमधल्या हक्कांचं एजीआर_१२५१ टेबल एसई१६ या टेबल बघायच्या टीकोडमधून एक्सेलला घ्या आणि ॲक्टिव्हिटीवर फिल्टर लावा. अडलात तर इथेच लिहा.