लालियानझुआला मधला 'लाल' नेमका कोण?

अंधेरीकर:
परवा मुंबई सिटीची फुटबॉल मॅच बघायला गेलो होतो, छांगतेनं विंगवरून बॉल काढला तसे मागचे एक काका जीव तोडून ओरडले, "चल रे लाल्या!" हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. लालियानझुआला छांगते, वेटलिफ्टर जेरेमी लालरिननुंगा, हॉकीतली लालरेमसियामी, आणि जुन्या पेपरांतले नेते लालडेंगा, सगळे मिझोरामचे. एवढे लाल कुठून आले? आपल्या लालबहादूरमधला लाल तर नसणार. नेटवर 'चीफ' असा अर्थ मिळाला, मग मराठीत लिहिताना काय म्हणायचं, राजा, सरदार की पाटील?

मुक्काम ऐझॉल:
बँकेच्या नोकरीत तीन वर्षं तिकडे काढली त्यामुळे थोडं सांगू शकतो. मिझो भाषेत लाल म्हणजे गावाचा वंशपरंपरागत प्रमुख. हिंदी लालशी काही नातं नाही, निव्वळ योगायोग. लियान म्हणजे मोठा. पुरुषाच्या नावाला शेवटी 'आ' आणि बाईच्या नावाला 'ई' लागतो, म्हणजे तेवढ्यापुरतं आपल्यासारखंच. मिशनरी आल्यावर देवाला 'लालपा' म्हणायला लागले, म्हणून आज नावातला लाल बहुतेकदा प्रभू या अर्थाचा असतो. फुटबॉलवाला जेजे लालपेखलुआ घ्या, 'पेक' म्हणजे देणं, त्यामुळे आपल्या देवदत्तच्या जवळ जातं. गावप्रमुख गेला आणि त्याचा शब्द देवाच्या वाट्याला आला.

गोधडी:
पाटीलच म्हणा की. १९६२ च्या कायद्यानं पाटीलकी गेली तरी आडनाव राहिलंच ना, तसंच हे.

मुक्काम ऐझॉल:
आडनावाचं उदाहरण मस्त आहे, पण पाटील नाही चालणार. पाटलाच्या डोक्यावर सरकार होतं, तो सारा गोळा करून वर पाठवायचा. इंग्रज येईपर्यंत लालाच्या वर कुणीच नव्हतं. झूमसाठी, म्हणजे जंगल कापून-जाळून करायच्या फिरत्या शेतीसाठी, कुठला डोंगर कुणी कापायचा ते तो ठरवायचा, भाताचा वाटा ('फाथांग') त्याला, शिकारीतली एक तंगडी ('साछिआह') त्याला. मदतीला 'उपा' म्हणजे वडीलधारे, आणि हुकूम ओरडून सांगायला 'त्लांगाऊ', आपला दवंडीवाला. गंमत म्हणजे आज उपा म्हणजे चर्चमधले एल्डर, आणि दवंडीचं काम लाउडस्पीकरवर. मी राहायचो तिथे संध्याकाळी खांबावरचा कर्णा खरखरायचा, पहिल्या आठवड्यात मला वाटलं काहीतरी गडबड झाली, बाहेर धावलो तर शेजारच्या आजी शांतपणे मोहरीची भाजी निवडत बसलेल्या.

कोरडा चहा:
फार गोडगोड होतंय हां. 'बावी' हा शब्द राहिला. उपासमारीत किंवा शत्रूच्या भीतीनं लालाच्या आश्रयाला आलेला माणूस त्याचाच होऊन जायचा, सुटायचं तर मोबदला द्यायचा. लोक वैतागले होते म्हणूनच १९४६ ला मिझो युनियन निघाली, आणि तिचं आधीचं नाव बघा, मिझो कॉमनर्स युनियन! १९५४ ला लालांचे हक्क काढून घेणारा कायदा आला आणि त्याच वर्षी लुशाई हिल्सचं नाव बदलून मिझो जिल्हा झालं. मला या दोन गोष्टी एकच वाटतात. लुशाई हे लुसेई या जमातीच्या नावाचं इंग्रजी रूप, बरेचसे लाल त्यांच्याच सायलो कुळातले. मिझो हा शब्द सगळ्या कुळांना पुरतो, म्हणून सामान्य लोकांनी तोच धरला.

गोधडी:
मग मिझो आणि झोमी वेगळे का? मणिपूरच्या बातम्यांत झोमी वाचते.

मुक्काम ऐझॉल:
शब्द तेच दोन, मागेपुढे केलेले, 'मी' म्हणजे माणूस. 'झो'बद्दल वाद आहेत, मिझोत तरी थंड उंच डोंगराळ भागाला म्हणतात. चिन, कुकी ही याच नात्यातल्या जमातींना बाहेरच्यांनी पाडलेली नावं, पण पुढे कित्येकांनी ती अभिमानानं आपली केली, त्यामुळे कोण स्वतःला काय म्हणवतो ते त्यालाच विचारावं, नकाशा बघून ठरवू नये. बर्मातल्या चिन लोकांनी २० फेब्रुवारी १९४८ ला फलामला जमून वंशपरंपरागत प्रमुखांची सत्ता नको असं ठरवलं, तोच दिवस ते राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. मणिपुरात उलट, तिथे प्रमुखांचे हक्क घ्यायचा १९६७ चा कायदा झाला पण लागू झालाच नाही, त्यामुळे कुकी गावांत आजही जमीन प्रमुखाच्या नावावर. प्रमुखाला तिथल्या थाडौ भाषेत 'हाओसा' म्हणतात, आणि मिझोत 'हाउसा' म्हणजे नुसता श्रीमंत.

कोरडा चहा:
घ्या, ज्याची जमीन तो श्रीमंत, डिक्शनरीनंच सांगून टाकलं.

अंधेरीकर:
म्हणजे राजा फार मोठा होतो, पाटील बसत नाही, सरदार म्हटलं की कुणाच्या तरी दरबारातला वाटतो. पहिल्यांदा 'गावप्रमुख' लिहून पुढे सरळ लालच ठेवतो. आणि काका 'लाल्या' ओरडले ते पण चुकीचं नाही म्हणा, गावप्रमुखाला अरेतुरे झालं एवढंच.