बँकेने कापलेले चार्जेस परत मागायचे की सोडून द्यायचे?

वहीखाते: आईच्या बचत खात्याचं स्टेटमेंट काढलं. दर तिमाहीला मिनिमम बॅलन्सपोटी ३०० आणि वर जीएसटी ५४, असे ३५४ रुपये गेलेत. ना एसएमएस, ना पत्र. शाखेत उत्तर ठरलेलं: "सिस्टीम कापते, आमच्या हातात काही नाही." रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. शिल्लक घटली की आधी कळवायचं, भरायला महिनाभर द्यायचा, मगच दंड लावायचा, आणि तोही जेवढी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात. माझं मत, असे पैसे प्रत्येकाने लेखी परत मागावेत.

निवृत्त हेडकॅशियर: नियम अर्धाच वाचलात. दंडाचे स्लॅब, म्हणजे कमी पडलेल्या रकमेनुसार टप्पे, ठरवायची मुभा त्यातच आहे. ते संचालक मंडळाने ठरवलेत, वेबसाइटवर टाकलेत. खातं उघडताना फॉर्मवर सही कोणाची होती? शाखा आणि एटीएम फुकट चालत नाहीत. परवडत नसेल तर बेसिक बचत खातं घ्या, तिथे किमान शिल्लक शून्य. २०१२ पासून ते द्यायला बँका बांधील आहेत.

गोदाकाठची: काका, मागितलं तर देतात का हो? आमच्याकडे "ती स्कीम बंद झाली" असं सांगून सरळ साधं खातं गळ्यात मारतात. आणि बंद पडल्यासारख्या खात्यात मागचे चार्जेस दबा धरून बसतात ते वेगळंच. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पैसे आले, काही बँकांनी त्यातूनच जुनी वसुली केली. ओरड झाली तेव्हा कुठे सरकारने बँकांना सूचना दिल्या.

निवृत्त हेडकॅशियर: ते चूकच होतं. त्याचं समर्थन मी करणार नाही.

कशाला_उगाच: ३५४ रुपयांसाठी अर्धी रजा टाकायची? खातं बंद करा, दुसरीकडे उघडा. स्टेट बँकेने २०२० मध्येच हा दंड सोडला, २०२५ मध्ये कॅनरा आणि पीएनबीनेही. शिवाय बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन काय होणार? बँकेचा व्यावसायिक निर्णय असेल तर ती तक्रार लोकपाल योजनेत बसतच नाही.

वहीखाते: म्हणून तर तक्रार नीट मांडायची. "दंड फार आहे" असं लिहिलंत की गेलीच ती व्यावसायिक निर्णयात. "अमुक तारखेला ३५४ कापले, त्याआधी मला कळवल्याचा पुरावा द्या, महिन्याची मुदत कधी दिली ते सांगा, नाहीतर रक्कम परत करा" असं लिहा. रजाही लागत नाही. ईमेल करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. कागद शाखेत देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, नुसतं "ठेवून जा" ऐकू नका. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाकडे, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर. फी नाही, वकील नाही. माहितीसाठी हेल्पलाइन १४४४८. फक्त फार दिवस झोपून राहू नका, मुदत असते. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे चालत नाही, त्यासाठी सहकार खात्याचे उपनिबंधक.

गोदाकाठची: आईच्या पिढीला पोर्टल कुठून जमणार? लोक सोडून देतात, त्यावरच तर हे चाललंय.

वहीखाते: साध्या पत्रानेही चालतं, रिझर्व्ह बँकेच्या चंडीगढच्या तक्रार केंद्राकडे पाठवायचं. लिहून द्यायला घरातलं कोणीतरी बसायला हवं, हे खरं.

निवृत्त हेडकॅशियर: काउंटरवरच्या पोरांवर तेवढं खेकसू नका, त्यांनी काही कापलेलं नसतं. आणि एक सांगतो, एसएमएस बहुतेकदा गेलेला असतो, पण जुन्या नंबरवर. ग्राहक सिम बदलतो आणि बँकेला कळवत नाही. तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

वहीखाते: आईचा नंबर तोच आहे. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, कर्जाच्या जाहिरातीसुद्धा.

निवृत्त हेडकॅशियर: मग एसएमएस पाठवल्याची नोंद मागा, तारखेनिशी. ती नसेल तर पैसे परत करावे लागतील. स्लॅब बेकायदेशीर आहे असं मात्र मी अजूनही म्हणणार नाही.