इलेक्टरला ३५ वर्षांची अट नाही
अमेरिकेत इलेक्टरलाही (राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्यातर्फे मत देणाऱ्या प्रतिनिधीलाही) ३५ वर्षं पूर्ण लागतात असं काहींना वाटतं, ते बरोबर नाही. ती अट राष्ट्राध्यक्षासाठी आहे. इलेक्टरसाठी राज्यघटनेत वय दिलेलंच नाही, फक्त मनाई आहे: तो सिनेटर, प्रतिनिधी किंवा केंद्र सरकारचा पदाधिकारी नसावा. (घटनेच्या १४व्या दुरुस्तीत, घटनेची शपथ घेऊन नंतर बंड करणाऱ्यांनाही बंदी आहे.) राज्याच्या पदांना हरकत नाही. निवड बहुतेक राज्यांत पक्षाच्या अधिवेशनात किंवा समितीत होते. पेनसिल्व्हेनियात मात्र राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारच आपले इलेक्टर नेमतो.

खरी गडबड होते ती केंद्राच्या पदाची, आणि ते पद किती किरकोळ असू शकतं हे १८७६ मध्ये दिसलं. ओरेगनचे रिपब्लिकन इलेक्टर जॉन वॉट्स पोस्टमास्तर निघाले. डेमोक्रॅट गव्हर्नरने त्यांना अपात्र ठरवून आपल्या पक्षाच्या माणसाला प्रमाणपत्र दिलं. वॉट्सनी नोकरी सोडली, इलेक्टरपदाचाही राजीनामा दिला आणि उरलेल्या दोन इलेक्टरांनी रिकाम्या जागी त्यांनाच पुन्हा नेमलं. या वादासाठी काँग्रेसने खास नेमलेल्या निवडणूक आयोगाने वॉट्सचं मत धरलं आणि रिपब्लिकन उमेदवार हेज १८५ विरुद्ध १८४ इलेक्टर-मतांनी जिंकले. म्हणून इलेक्टरांच्या यादीत नाव देण्याआधीच माणसाची नोकरी तपासणं महत्त्वाचं.