अनसेफ जातोय ते बरंच झालं! नेटवर्क लायब्ररीत वेग आधी की मेमरीची शिस्त?

धागाकर्ता

जावात २००२ पासून ठाण मांडून बसलेला अनसेफ हा क्लास (मेमरीत थेट वाचू-लिहू देणारा) आता जायला निघालाय. त्याच्या ८७ मेथडपैकी ७९ थेट मेमरीला हात घालणाऱ्या. सप्टेंबर २०२४ च्या जेडीके २३ मध्ये (जेडीके म्हणजे जावाचं डेव्हलपमेंट किट) त्या डेप्रिकेट झाल्या, म्हणजे 'आता वापरू नका' असं सांगितलं, जेडीके २४ पासून पहिल्या वापरालाच वॉर्निंग छापली जाते, पुढच्या टप्प्यात एक्सेप्शन (काम थांबवणारी त्रुटी) येणार. असंख्य जावा सर्व्हरच्या पोटात असलेली नेटी ही नेटवर्क लायब्ररी वर्षानुवर्षं याच क्लासचा आधार घेत आलीय, त्यामुळे वेग जाणार म्हणून ओरड सुरू आहे.

माझं म्हणणं, नेटवर्कच्या कोडमधून तर हा सगळ्यात आधी जायला हवा होता. तिथला प्रत्येक बाइट परक्याने पाठवलेला असतो. हेडरमधल्या चार बाइटांत लिहिलेली लांबी खरी धरून पुढे वाचलं, तर साधा बाइटबफर (जावाचा नेहमीचा, हद्द तपासणारा बफर) एक्सेप्शन फेकतो आणि एक कनेक्शन तुटतं. अनसेफ काहीच विचारत नाही. एकतर अख्खा जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं आभासी यंत्र) सेगफॉल्टने, म्हणजे मेमरीत भलतीकडे हात घातल्याने, कोसळतो, नाहीतर दुसऱ्याच कनेक्शनचा डेटा मुकाट वाचला जातो, आणि हे दुसरं जास्त वाईट. एप्रिल २०१४ चा हार्टब्लीड हा बग आठवा. पाठवणाऱ्याने सांगितलेल्या लांबीवर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने विश्वास ठेवला आणि एकेका विनंतीला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर गेली.

सॉकेटसखा

मुद्दा पटतो, पण उदाहरण भलत्याच जागी लावलंय. नेटीचा बाइटबफ (तिचा स्वतःचा बफर) प्रत्येक वाचनाआधी इंडेक्स स्वतः तपासतो. ती तपासणी बंद करता येते, पण मुळात चालूच असते. अनसेफ तिच्याखाली आहे.

अनसेफची खरी गरज वेगळीच आहे. जावाचा डायरेक्ट बफर (जावाच्या नेहमीच्या मेमरीबाहेरचा) मागितला की आधी सगळी मेमरी शून्याने भरली जाते. लगेच सॉकेटमधून त्यावर लिहायचं असेल तर ते काम फुकट. त्याहून मोठी अडचण मेमरी सोडण्याची. हीपवर (जावा स्वतः सांभाळते त्या मेमरीत) एवढासा ऑब्जेक्ट, त्याच्यामागे हीपबाहेर १६ एमबी. हीप रिकामा दिसतो, जीसी (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) धावत नाही, आणि बाहेरची मेमरी फुगत जाऊन कंटेनर मारला जातो. म्हणून नेटी रेफरन्स मोजते (बफर किती जण वापरतायत ते), आकडा शून्य झाला की बफर त्याच क्षणी पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या बफरांच्या साठ्यात) परत. हे वेगाचं वेड नाही, त्याशिवाय मोठा सर्व्हर उभा राहत नाही.

धागाकर्ता

माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्या पूललाच आहे. ओपनएसएसएलनेही वेगासाठी स्वतःची फ्रीलिस्ट (सोडलेल्या बफरांची यादी) ठेवली होती. सोडलेले बफर सिस्टिमच्या मॅलॉककडे (मेमरी वाटणाऱ्या फंक्शनकडे) परत जातच नव्हते, त्यामुळे ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कडक मॅलॉकचं संरक्षण तिथे लागूच पडलं नाही. लायब्ररीने मेमरीचा कारभार स्वतःकडे घेतला की खालच्या थराने बांधलेलं कुंपण निकामी होतं.

रात्रपाळी

मी ऑपरेशन्समध्ये आहे, दोघांच्याही मधली बाजू सांगते. आमच्या एका सर्व्हिसची डायरेक्ट मेमरी दिवसभर चढत राहायची. लॉगमध्ये मधूनच "लीक" म्हणून एक ओळ, बाकी शांतता. नेटीचा लीक डिटेक्टर मुळात साधारण १२८ बफरांमागे एकावरच पाळत ठेवतो. स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) पॅरानॉइड लेव्हल, म्हणजे प्रत्येक बफरवर पाळत, लावली, सगळं रडतखडत चाललं, पण जागा सापडली: आमच्याच हँडलरच्या एका कॅच ब्लॉकमधून (एक्सेप्शन हाताळणाऱ्या भागातून) रिलीज न करता रिटर्न होत होतं. अनसेफ काढून हा बग गेला नसता. रेफरन्स हाताने मोजायची सक्ती आहे तोवर असे बग येतच राहणार.

सॉकेटसखा

अगदी बरोबर. आणि अनसेफच्या जागी सुचवला जाणारा नवा एपीआय, म्हणजे मार्च २०२४ च्या जेडीके २२ मध्ये पक्का झालेला मेमरी सेगमेंट, तोही हे सोडवत नाही. त्यात हद्द तपासली जाते, आयुष्यही (मेमरी सोडून तर दिलेली नाही ना) तपासलं जातं, उत्तमच आहे. पण कन्फाइन्ड अरीना (अरीना म्हणजे सेगमेंट कधी सुटणार ते ठरवणारा) एकाच थ्रेडला वापरता येतो, आणि बफर एका थ्रेडवर घेऊन दुसऱ्यावर सोडणं हे नेटवर्कमध्ये रोजचंच. शेअर्ड अरीना घ्यावा तर तो बंद करताना जेव्हीएमला बाकीच्या थ्रेडशी हँडशेक करावा, म्हणजे प्रत्येकाशी समन्वय साधावा, लागतो. दर पॅकेटमागे तो खर्च कोण करेल? मग एकच मोठा सेगमेंट घ्यायचा आणि त्याचे तुकडे वाटायचे. म्हणजे पुन्हा पूल, आणि रिलीज झालेल्या तुकड्यात डोकावणाऱ्याला अडवायची जबाबदारी पुन्हा लायब्ररीचीच.

धागाकर्ता

तुकड्यांच्या आतलं तुमचं म्हणणं मान्य. पण त्या मोठ्या सेगमेंटच्या बाहेर कोणी जाऊ शकत नाही याची हमी तिथे जेव्हीएम देतो. अनसेफमध्ये ती देणारं कोणीच नाही, लायब्ररीच्या तपासणीत एक चूक राहिली की संपलं. एवढी हमी मिळणार असेल तर थोडा वेग गेला तरी मी घेईन.

रात्रपाळी

"थोडा" म्हणजे किती, ते आधी मोजा. नेटीला "नो अनसेफ" फ्लॅग आहेच, तो लावून आपापल्या खऱ्या ट्रॅफिकवर चालवा. आणि कृपया लूपमधून सरळ वाचत जाणाऱ्या मायक्रोबेंचमार्कचे आकडे इथे देऊ नका. तिथे जेआयटी (चालता चालता कोड वेगवान करणारा कंपायलर) हद्दीची तपासणी लूपबाहेर काढतो, म्हणून फरक दिसतच नाही. पार्सर (आलेला संदेश उलगडणारा कोड) पुढेमागे उड्या मारत वाचतो, तिथे ती दर उडीला होते. शिवाय सरासरी लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) नको, नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल द्या, म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या ज्याच्या आत पूर्ण होतात तो वेळ. आमच्याकडे रात्री फोन येतात ते त्या शेवटच्या एक टक्क्यासाठीच.