पोचट शेंगा: युरिया नको, जिप्सम बघा

दादा, भुईमुगाची झाडं हिरवीगार पण शेंगा पोचट, म्हणून अजून युरिया टाकू का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून टाकू नका, नुसता पाला वाढेल.

भुईमुगाची गंमत अशी की शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांकडून फारसं मिळतच नाही. आऱ्या, म्हणजे फुलातून निघून मातीत जाणारे दांडे, जमिनीत शिरल्या की शेंग आपल्या सालीतूनच आजूबाजूच्या मातीतलं कॅल्शियम ओढते, तेही मातीत ओल असेल तरच. आपल्या जांभ्या मातीतलं कॅल्शियम पावसाळ्यात धुऊन जातं, माती आंबट होते. टपोऱ्या दाण्याच्या जातींना तर ते जास्तच लागतं.

आमच्या वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतलेल्या, भुईमुगातही हेच झालं होतं. शेंग फोडली तर टरफल पूर्ण वाढलेलं आणि आत सुरकुतलेला पापुद्रा! तेव्हापासून गुंठ्याला २ किलो जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) पेरणीवेळी आणि २ किलो आऱ्या सुटताना, झाडाच्या बुंध्याशी टाकून मातीची हलकी भर देतो. त्यानंतर मात्र कोळपं घालायचं नाही, आऱ्या तुटतात. आणि पाण्याची पाळी चुकवायची नाही.

भरलेला दाणा मधोमध फोडून बघा. आत तपकिरी खळगा दिसला तर बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्यही कमी आहे. माती तपासून घ्याच.