सामान बांधून रस्त्याने इंदूर गाठलेल्यांनो, तुमचा प्रवास सांगा

तुळसवेडी

खूप दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. आपल्यातले कितीतरी जण मूळचे इंदूरचे नाहीत, कुठून कुठून उठून आलेत, आणि त्यातले बरेच जण ट्रेनने नाही तर स्वतःच्या गाडीने, टेम्पोने, ट्रकच्या केबिनमध्ये बसून आलेत. अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी इंदूर, त्यात घर सुटलं हे कळतच नाही. रस्त्याने येताना एकेक गाव मागे पडताना डोळ्यांना दिसतं. तेच मला तुमच्याकडून ऐकायचंय, की नेमकं कुठे पोहोचल्यावर वाटलं की आता परत फिरणं नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. २०१९ चा जून, पुण्याहून निघालो. ह्यांची कंपनी बंद पडलेली, आठ महिने घरी बसून काढले, मग पीथमपूरला नोकरी लागली. वॅगनआरमध्ये मागे सासूबाई आणि त्यांच्या दोन पायांच्या मध्ये तुळशीची कुंडी. मी म्हटलं आई, इंदुरात तुळस मिळते हो, पण त्या ऐकेनात. धुळ्याला मुक्काम केला, शेवभाजी खाल्ली, सकाळी शिरपूर, पळासनेर आणि मग बिजासनचा घाट. सातपुडा उतरून सेंधव्याला आलो तर रस्त्यावरच्या पाटीवर 'धुळे'चं 'धुले' झालेलं. पोटात एकदम खड्डा पडला. एवढंसं अक्षर ते, पण ळ गेला म्हणजे आपण निघालोच की.

पुढे सगळा निमाड, नुसती भट्टी. तुळशीने माना टाकलेल्या, पानं गळून सासूबाईंच्या पदरात पडलेली. खलघाटचा पूल आला तशी त्या म्हणाल्या गाडी खाली घे. घाटावर उतरलो, त्यांनी चपला काढल्या, गुडघे दुखत असतानाही पाण्यापर्यंत गेल्या, ओंजळीत नर्मदेचं पाणी आणून कुंडीत घातलं, एकदा नाही तीनदा. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "इथलं पाणी प्यायली ती, आता हिला परत नेता यायची नाही." आठ महिन्यांत त्या एकदाही रडल्या नव्हत्या. त्या दिवशी मानपूरचा घाट चढून माळव्याची गार हवा लागेपर्यंत रडत होत्या आणि मी मागे वळून बघितलं नाही, मुद्दाम.

ती कुंडी आता राजेंद्रनगरला आमच्या गॅलरीत आहे. मूळ झाड गेलं, त्याच्या मंजिऱ्यांची रोपं आहेत. लिहा तुम्ही पण, लांबलचक लिहा.

छोटाहत्ती

ताई, वाचून थांबलो जरा. आमचं इचलकरंजी. चार माग होते, वडिलांनी घातलेले. धंदा बसला, वीजबिल आणि सुताचा भाव ह्या दोघांत पिळून निघालो, शेवटी माग भंगारवाल्याने किलोवर नेले. जे यंत्र रात्रंदिवस खडखड करून आम्हाला झोपवायचं ते काट्यावर चढलेलं बघितलं आणि त्याच रात्री बायकोला म्हटलं इथं राहायचं नाही. मेहुणा इंदुरात होता, तो म्हणाला ये.

छोटा हत्तीत संसार भरला, मी चालवायला, शेजारी बायको, तिच्या मांडीवर पोरगं. अडीच दिवस लागले. लोड असला की तो गडी घाटात दम टाकतो, बिजासनला मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून कान किटवत होते, मी पहिल्या गिअरवर चढवतोय आणि बायको बिजासनी मातेला हात जोडून बसलेली. वर देवळापाशी गाडी थांबवली, रेडिएटर थंड केला, ती देवीला जाऊन आली. महूला परत थांबलो. बाबासाहेबांचा जन्म तिथला, १८९१ सालचा, लहानपणापासून वाचलेलं, पण आपल्या आयुष्यात रस्त्यातच ते गाव येईल असं वाटलं नव्हतं. स्मारकाच्या पायऱ्यांवर पोराला घेऊन बसलो पंधरा मिनिटं. तिथं मला धीर आला बघा. कशानं आला सांगता येत नाही, पण उठताना पाय हलके होते.

आता मिसळीची गाडी आहे. पहिले दोन महिने कोणी फिरकेना, कट तिखट आणि वर फरसाण कमी म्हणून. इथल्या माणसाला शेव दिसली पाहिजे, आणि जिरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा इथला मसाला, हाताशी पाहिजे. एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, "भिया, तिखा ठीक है, सेव तो डाल." टाकली. आज सकाळी नऊला भांडं रिकामं होतं. कोल्हापूरला कोणी बघितलं तर शिव्या देतील पण माझ्या पोराची फी ह्या शेवेवर निघते.

रामबाग१९८६

मी ह्या धाग्यातला बहुधा सर्वांत जुना असेन. १९८६, जळगावहून. वडील अचानक गेले, शेतीचे वाटे झाले आणि वाट्याला आलं ते पोट भरण्याइतकं नव्हतं. ओळखीच्या माणसाचा केळीचा ट्रक इंदूरला जायचा, त्याच्या केबिनमध्ये आई, मी आणि धाकटी बहीण. मागे केळीच्या घडांवर आमच्या दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा. आईने पाटा सोडला नाही, जसा तुमच्या सासूबाईंनी तुळस सोडली नाही.

रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा, सनावद. बऱ्हाणपूरपर्यंत घरच्यासारखंच वाटत होतं, बाजारात मराठी कानावर पडत होती. मोरटक्क्याला नर्मदेच्या पुलावर पहाट झाली. ड्रायव्हरने वेग कमी केला, खिडकीतून नाणं टाकलं आणि आईला म्हणाला माई, तुम्हीपण टाका. आईने पदराची गाठ सोडली, त्यात चार आण्याचं एकच नाणं होतं, तेच टाकलं. मी सतरा वर्षांचा होतो, मला राग आला होता की आहे तेवढं पाण्यात कशाला. आज त्या वयाचा माझा नातू आहे तेव्हा कळतं तिने काय टाकलं ते.

इंदुरात उतरलो तेव्हा राजवाडा जळालेला होता, १९८४ च्या दंगलीत. बहिणीने विचारलं दादा, हे असंच असतं का इथे? रामबागेत खोली मिळाली. शेजारच्या काकू दार उघडून मराठीत बोलल्या आणि आईच्या हातातून पिशवी खाली पडली. त्यांची मराठी मात्र निराळी, "तुम्ही लोकं कुठून येऊन राहिले?" अशी. आईला आधी ती चुकीची वाटायची. चाळीस वर्षं होत आली, आता मी जळगावला गेलो की भाचे मला हसतात, मामा हिंदी बोलतो म्हणून. मला वाईट नाही वाटत, ह्याच मराठीने आम्हाला पहिल्या दिवशी चहा पाजला.

संत्रानगरी

मी हे कुठेच लिहिलं नाही आहे, पण काकांचं वाचून हिंमत झाली. २०२२, डिव्होर्स झाला, मुलगी सहा वर्षांची. नागपुरात ज्या रस्त्यानं जाईन तिथे कोणी ना कोणी ओळखीचं, आणि प्रत्येकाच्या डोळ्यात तोच प्रश्न. इंदूरला शाळेत नोकरी लागली. आई म्हणे बाई ट्रेननं जा, एकटी बाई, लहान लेकरू, बैतूलचं जंगल. पण माझी जुनी ऑल्टो होती आणि ती मी माझ्या पैशानं घेतली होती, ती एकच वस्तू त्या घरातून पूर्ण माझी म्हणून निघाली होती, तिला सोडून कशी जाऊ.

सावनेर, पांढुर्णा, मुलताई. मुलताईला तापी निघते, त्या कुंडाशी थांबलो. लेक म्हणे नदी एवढीशीच? म्हटलं इथे एवढीशीच असते, पुढे सुरतेपर्यंत जाते. बैतूल, चिचोली, मग साग आणि साग, मोबाइलला नेटवर्क नाही. टिमरनीच्या पुढे टायर बसला. मी आयुष्यात कधी स्टेपनी बदलली नव्हती, जॅक कुठे लावतात तेही नाही माहीत, आणि लेक मागच्या सीटवर शांत बसून माझ्याकडे पाहून राहिली होती. एक ट्रॅक्टरवाले बाबा थांबले. त्यांनी बदलून दिली नाही, बदलायला शिकवली. नट आधी जमिनीवर असताना ढिले करायचे, मग गाडी उचलायची, कसताना समोरासमोरचे कसायचे, एका ओळीत नाही. हात काळे झाले माझे कोपरापर्यंत. पैसे देऊ लागली तर म्हणे बेटी, आगे भी तो अकेले जाना है.

हंडियाचा नर्मदेवरचा पूल ओलांडून नेमावरला आलो तर दिवेलागण झाली होती, सिद्धनाथाच्या देवळातून घंटा ऐकू येत होत्या. लेकीनं विचारलं, आई आपण घरी कधी जाऊ? माझा गळा दाटला, काय सांगावं कळेना, आणि तोंडातून निघून गेलं, "घरीच तर जाऊन राहिलो नं आपण." हेच माझं ठिकाण, तुळसवेडी ताई. नेमावर.

बडोदेकरीण

माझं थोडं वेगळं. आम्ही तीन पिढ्या बडोद्याचे, दांडिया बाजारात घर. महाराष्ट्र सोडून आलो असं म्हणायची सोयच नाही, आजोबाच सोडून आलेले. लग्नानंतर गोध्रा, दाहोद, झाबुआ, धार असं इंदूरला आले. माछलियाच्या घाटात मला उलट्या, बाकी काही विशेष आठवत नाही खरं तर. पण सयाजीरावांच्या गावातून अहिल्याबाई होळकरांच्या गावात आलो हे सासऱ्यांनी गाडीतच सांगितलं होतं, फार अभिमानाने. दोन्हीकडे घराबाहेर दुसरी भाषा, घरात मराठी. फक्त सेव उसळीच्या जागी पोहे-जिलेबी आली.

जिरावण

उलटी दिशा चालेल का? मी पक्का इंदुरी, सुदामानगरचा, गेल्या वर्षी हैदराबादला आलो, कारने, नागपूर-आदिलाबाद-निर्मळ रस्त्याने. डिक्कीत पाच किलो शेव आणि दोन डबे जिरावण. आदिलाबादनंतर पाट्या वाचता येईनात, तेव्हा पहिल्यांदा समजलं की आमच्या आजीला ऐंशी वर्षांपूर्वी इंदुरात उतरल्यावर निदान अक्षरं तरी ओळखीची होती. इथे ओला-सुका कचरा वेगळा करून गाडीची वाट बघत बसतो, बायको म्हणते सवय जाणार नाही तुझी.

संत्रानगरी

एक विचारायचं होतं, माझ्या गाडीचा एमएच नंबर अजून तसाच आहे. परवा पोलिसांनी थांबवलं. काय करावं लागतं?

एमपी०९

ताई लगेच करून घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथे नवी नोंदणी लागते, मोटर वाहन कायद्यात कलम ४७ आहे. नागपूरच्या आरटीओकडून एनओसी घ्यायची, तो फॉर्म २८. कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र. ती एनओसी, विमा, पीयूसी घेऊन इथे फॉर्म २७ भरायचा, इथला रोड टॅक्स भरायचा. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, त्यासाठी इथली नवी नोंदणी दाखवावी लागते, चिकाटी ठेवा, सोडू नका. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८.

आणि अजून एक, जो येणार असेल त्याने नीट वाचा. आमचं सामान एका मूव्हर्सवाल्याने सेंधव्यात अडवून ठेवलं होतं, ठरल्यापेक्षा अठरा हजार जास्त द्या तरच ट्रक पुढे जाईल म्हणून. त्यात आईची औषधं होती, मुलाचे दहावीचे कागद होते. तीन दिवस रिकाम्या घरात चटईवर झोपलो, शेवटी अर्धे पैसे देऊन सोडवलं. अजून आठवलं की रक्त तापतं. औषधं, मूळ कागदपत्रं, सोनं, एक कुकर आणि एक अंथरूण स्वतःच्या गाडीत ठेवा. भाव लेखी घ्या, वस्तूंची यादी सही करून घ्या, ट्रकचा आणि त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढा.

नाशिकहून

सगळं वाचून काढलं, दोनदा. आम्ही येत्या शनिवारी निघतोय. मी, बायको आणि बाबा, वय ७८. भावाशी घरावरून वाद झाला, कोर्टात जायचं नव्हतं म्हणून किल्ल्या ठेवून निघतोय. बाबा काही बोलत नाहीत, फक्त कालपासून भिंतीवरचं घड्याळ काढून कागदात गुंडाळतात, परत लावतात, परत काढतात. रस्ता एका दिवसात झेपेल का त्यांना?

तुळसवेडी

झेपेल, पण पहाटे पाचला निघा. चांदवडचा घाट उजेडात येईल, दुपारच्या उन्हाआधी शिरपूर मागे टाका. निमाडात एसी बंद पडला तर हाल होतात, पाणी भरपूर ठेवा. बाबांना बिजासनला आणि खलघाटला पाय मोकळे करायला उतरवा. आणि घड्याळ ट्रकमध्ये देऊ नका, त्यांच्या मांडीवर द्या.

छोटाहत्ती

गणपती घाट तुम्हाला चढायचाय, उतरायचा नाही, पण पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवा, लोडचा ट्रक चढावर मागे येऊ शकतो. धामनोदला चहा घेऊन मगच चढा.

रामबाग१९८६

शनिवारी संध्याकाळी पोहोचाल तेव्हा गॅस लागलेला नसेल. स्वयंपाकाचं बघू नका, तिघांचं जेवण आमच्याकडे. बाबांना म्हणावं, इथे अठ्ठ्याहत्तरचा अजून एक जण आहे, माझ्या थोरल्या चुलतबहिणीचे यजमान, त्यांना बुद्धिबळाला जोडीदार मिळत नाही. घड्याळाला खिळा ठोकायला मी येतो, हातोडी आहे.

नाशिकहून

बाबांना आत्ता वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, पटावर पांढरी कोणाची.