यंत्रे पुरेशी असताना अवकाशात माणूस कशासाठी पाठवायचा?

पाटीपेन्सिल:
नववीच्या वर्गात वादविवाद ठेवला आहे आणि माझीच बाजू ठरत नाही. चांद्रयान-३ ने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ६१५ कोटी रुपयांत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात यान उतरवले. गगनयानाची तरतूद मात्र २०२४ मध्ये २०,१९३ कोटींवर गेली आणि त्यातून माणसे जाणार ती अवघ्या ४०० किलोमीटर उंचीवर. राष्ट्राभिमान बाजूला ठेवला, तर समानव मोहिमा चालू ठेवण्याच्या बाजूने काय उरते?

दगडधोंडे:
मी भूशास्त्राचा विद्यार्थी असल्याने माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक चंद्रावर उतरले होते. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठी चालताना पायाने करडी माती उसकटली गेली आणि खालून नारिंगी रंग डोकावला. त्या मातीचा शोध घेणे मोहिमेच्या यादीत नव्हते. तरीही जेमतेम अर्ध्या तासात त्यांनी आणि यूजीन सर्नन यांनी चर खणला, नमुने घेतले आणि जमिनीत नळी ठोकून खालचे थरही काढले. ती माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले काचेचे मणी निघाले आणि २००८ मध्ये अशाच मण्यांत पाण्याचा अंश सापडला. यंत्र आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम देते. येथे प्रश्नच जागेवर सुचला.

वेगाचेही तसेच आहे. अपोलो १७ च्या दोघांनी तीन दिवसांत गाडीने सुमारे ३५ किलोमीटर प्रवास केला, तर मंगळावरील ऑपॉर्च्युनिटी बग्गीला ४५ किलोमीटरसाठी चौदा वर्षे लागली. मंगळावरच इनसाइट यानाचे खणणारे उपकरण पाच मीटर खोल जाणार होते, पण ते पृष्ठभागालगतच अडकले आणि दोनेक वर्षे खटपट करून जानेवारी २०२१ मध्ये तो नाद सोडावा लागला. अपोलो १५ मध्येही जमिनीत घातलेली नळी अशीच रुतली होती. दोघांनी खांदा लावून ती उपसली.

जमाखर्च:
उदाहरणे खरी आहेत, पण निवडक आहेत. अपोलो विज्ञानासाठी नव्हे, तर सोव्हिएत संघाला मागे टाकण्यासाठी उभे राहिले. विज्ञान त्यात मागाहून बसले. चीनच्या चांग-ई ५ ने २०२० मध्ये माणसाविना १७३१ ग्रॅम नमुने आणले आणि चांग-ई ६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूचेही आणले, जिथे आजवर कोणी माणूस उतरलेला नाही. शिवाय खर्च केवळ रुपयांत मोजता येत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयानाच्या अपघातात कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले.

मात्र पाटीपेन्सिल यांच्या आकड्यात दुरुस्ती हवी. त्या २०,१९३ कोटींत एकूण आठ उड्डाणे आणि भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भागही धरला आहे, त्यामुळे एका चांद्रयानाशी त्याची तुलना करू नये.

दगडधोंडे:
आपला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. गुरू-शनीकडे माणूस पाठवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासला गेल्याचे उघड झाले, तेव्हा डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन दोष दूर केला. पुढेही २००९ पर्यंत ते दुरुस्तीसाठी जात राहिले. अर्थात ती दुर्बीण हाताने उघडता यावी अशीच बांधलेली होती, हेही खरे.

माझा खरा मुद्दा सातत्याचा आहे. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले आणि त्यानंतर भारताचा दुसरा अंतराळवीर शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये गेले. दोघेही परक्या यानातून गेले. मधल्या ४१ वर्षांत जीवरक्षक यंत्रणा आणि आणीबाणीत अंतराळवीरांची कुपी (ते बसतात तो यानाचा भाग) वाचवण्याची व्यवस्था स्वतः उभारण्याचा अनुभव आपल्याकडे साचलाच नाही. गगनयानाच्या खर्चातला मोठा भाग तो अनुशेष भरून काढण्याचा आहे.

पाटीपेन्सिल:
आभारी आहे. ते नारिंगी मणी नुसत्या डोळ्यांना दिसतात का? मुले नक्की विचारतील.

दगडधोंडे:
सुटा मणी दिसणार नाही; बहुतेक मणी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान आहेत. श्मिट यांना दिसला तो त्यांच्या थराचा रंग, तोही हेल्मेटच्या काचेतून.